आठव्या नंबरची छत्री

बुधवार पेठेत संपत बगाड्याचं दुकान होतं, म्हणजे आपलं दुकान म्हणायचं. जिन्याखालची जागा ती. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, आणि दुसरा अंगानं जाडा असला तर थेट रस्त्यात. दोन्ही अंगांना रेडिओ-टेपरेकॉर्डरची दुकानं, दिवसभर त्यांचा कालवा, आणि मधोमध हा गृहस्थ मांडीवर काळी छत्री आडवी घेऊन एकेक काडी चाचपतोय. छत्री दुरुस्त व्हायला पाच मिनिटं लागायची आणि ती गिऱ्हाइकाच्या हाती पडायला पंधरा. आधी संपत स्वतः सात वेळा उघडणार, मिटणार. मग गिऱ्हाइकाला उघडायला लावणार. मग मिटून पुन्हा उघडायला लावणार. भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं : ‘छत्री इथेच उघडून पाहावी. घरी जाऊन उघडू नये.’

पेठेतली माणसं काही कुणाची भीड बाळगणारी नव्हेत. एका निवृत्त मास्तरांनी एकदा विचारलंच, की बगाडे, ही छत्री घेऊन आम्ही मंडईत जाणार आहोत का विमानातून उडी मारणार आहोत? आजूबाजूचे फिदीफिदी हसले. संपत हसला नाही. त्यानं मास्तरांच्या हातातली छत्री काढून घेतली, पैसे परत केले आणि दुसरीकडे जा म्हणून सांगितलं. मास्तर महिनाभर सगळ्या पेठेला सांगत होते, की माणूस विक्षिप्त आहे. आता मास्तरांचा तरी काय दोष? त्यांनी गंमत केली होती, आणि गंमत नेमकी जिथं लागायला नको तिथं लागली होती.

कारण संपत एके काळी छत्र्याच भरायचा. विमानातून उडी मारायच्या.

बगाडे जातीचे शिंपी. वडील पेठेतच कोट शिवायचे. चीनच्या युद्धानंतर घरोघरची पोरं लष्करात निघाली, तसा एकोणीस वर्षांचा संपतही निघाला. भरतीच्या साहेबांनी त्याची बोटं पाहिली, कापड धरायची पद्धत पाहिली आणि बंदुकीऐवजी त्याला पॅराशूटची घडी घालायला शिकवलं. चाळीस फुटी लांब टेबल, त्यावर पसरलेलं कापड, अठ्ठावीस दोऱ्या. एकेक पाकळी सरळ करायची, एकावर एक लावायची आणि ती सरकू नये म्हणून वर शिसं भरलेल्या लहान पिशव्या ठेवायच्या. टेबलावर अशा सात पिशव्या. घडी संपली की सातही मोजून बाजूला काढायच्या, कारण एखादी चुकून घडीत राहिली तर वरचा माणूस दगडासारखा खाली येणार. मग छत्रीच्या खिशातल्या कार्डावर घडी घालणाऱ्यानं सही करायची. आणि पलटणीत एक चाल होती. महिन्यातून एकदा साहेब येणार, भरलेल्या छत्र्यांच्या ढिगातून कोणतीही एक उचलणार, सही बघणार आणि ती ज्याची असेल त्याच्याच पाठीवर चढवून त्याला विमानातून खाली सोडणार. संपतनं अशा एकतीस उड्या मारल्या. एकतीस वेळा स्वतःच्या सहीवर स्वतःचा जीव ठेवला आणि एकतीस वेळा ती उघडली. त्याला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

पलटणीचं नाव इथं घेत नाही. ज्यांना घ्यायचं ते अजून छाती फुगवून घेतात. जुनी मराठ्यांची पलटण. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या डोंगरांत पायी लढली, पासष्ट साली विमानाकडे बघत जमिनीवरच राहिली, आणि आयुष्यभर उड्या शिकून लढाईतली पहिली उडी तिला मिळाली ती एकाहत्तरच्या डिसेंबरात. बंगालात. एका नदीवरचा पूल धरायचा होता, शत्रू मागं सरकायच्या आत. दोन दिवस, दोन रात्री घडी घालणाऱ्यांची, म्हणजे पॅकरांची, टेबलं रिकामी झाली नाहीत. त्याच दिवसांत संपतला घरून पत्र आलं होतं, की वडिलांनी अंथरूण धरलंय. पत्र खिशात, हात टेबलावर. शेकड्यांनी छत्र्या गेल्या, माणसं उतरली, पूल धरला. पलटणीनं नाव काढलं. परत आल्यावर स्टेशनवर गुलाल, हार, ओवाळायला बायकांची रांग.

आणि एक छत्री उघडली नव्हती.

भैरू दारवटकर, हुद्द्यानं नाईक, वेल्ह्याकडचा गडी. विमानाच्या डाव्या रांगेत आठव्या नंबरवर होता. पोटावर दुसरी, लहान छत्री असते खरी, पण लढाईतली उडी इतकी खालून असते की ती ओढायला सवड मिळत नाही. भैरू भाताच्या खाचरात पडला. पलटणीची माणसं चौथ्या दिवशी त्याच्यापर्यंत पोचली, तोवर तिथल्या गोरगरिबांनी कापड, दोऱ्या, पट्टे, होतं नव्हतं ते कापून नेलं होतं. लढाईत कापड कुठून मिळणार त्यांना? नेलं. राहिलं होतं ते एवढंच : फाटक्या खिशात एक कार्ड, आणि कार्डावर सही. सं. ना. बगाडे.

चौकशी अर्ध्या तासात उरकली. संपतनं एकच प्रश्न विचारला होता. उडी मारणाऱ्याच्या पाठीवरून एक लांब पट्टा निघतो, त्याचं हूक विमानातल्या तारेला अडकवायचं असतं. माणूस खाली गेला की तो पट्टाच छत्री ओढून उघडतो, आणि मग रिकामा विमानातच लोंबत राहतो. बारा माणसं गेली तर बारा पट्टे परत आत ओढायला हवेत. संपतनं विचारलं, पट्टे किती आले? कुणालाच सांगता येईना. विमानाला लगेच दुसरी खेप होती, पट्टे ओढून ढिगात टाकले होते. साहेब म्हणाले, तू आम्हाला शिकवणार का? त्यावर शिपायानं बोलायचं नसतं. संपतची फीत उतरली, टेबल सुटलं, कोठीत बटाटे मोजायचं काम आलं आणि दीड वर्षानं त्याला घरी पाठवला. तुरुंग नाही, काही नाही. कागदावर फक्त एक ओळ, घडीतील दोष.

तुरुंग बरा होता हो. तिथं माणसाला काय केलं ते माहीत तरी असतं. संपतला तेच माहीत नव्हतं. त्या दोन दिवसांतली एकेक छत्री तो मनात पुन्हा उलगडायचा. पिशव्या सात होत्या. प्रत्येक वेळी सात मोजल्या होत्या. मोजल्या होत्या ना? वडिलांचं पत्र वाचलं त्या वेळी टेबलावर जी छत्री होती, तिच्या पिशव्या मोजल्याचं काही केल्या आठवेना. कधी वाटायचं मोजल्या, कधी सहाच दिसायच्या. तेवीस वर्षं हा माणूस जिन्याखाली बसून लोकांच्या छत्र्या उघडत, मिटत होता आणि एकच गोष्ट शोधत होता : भैरू दारवटकर आपल्या हातानं मेला की नाही.

घरात त्याची झळ बायकोला लागली. मंदाकिनी समजूतदार बाई, तिला लग्नानंतर एवढंच माहीत होतं की नवरा लष्करात पॅराशूटच्या कामावर होता. हेमा जन्मली, बाराव्या दिवशी बारसं. पाळणा दोरानं तुळईला बांधायचा तर संपत दोराला हात लावीना. पाहुणे आलेले, घुगऱ्या शिजलेल्या आणि मुलीचा बाप कोपऱ्यात हात काखेत घालून बसलेला. शेवटी वरच्या मजल्यावरच्या जयसिंगांनी येऊन पाळणा बांधला. पाहुणे गेल्यावर त्यानं मंदाकिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, की तुमच्याकडून झालं नसेल. त्यानं विचारलं, तू होतीस का तिथं? त्यानंतर त्यानं घरात कधी झोका बांधला नाही, वाळत घालायची दोरी बांधली नाही, पोरीला उंच उचलून घेतलं नाही. हेमाला वाटायचं, आपले बाबा जरा कोरडे आहेत.

हेमा वर्षाची झाली त्या साली तो माणूस पहिल्यांदा आला.

पितृपक्ष उलटला होता, पाऊस सरत आला होता. त्या दिवसांत छत्री दुरुस्तीला कोण टाकतं? पांढरी टोपी, धोतर, डाव्या पायात जराशी ओढ, खेड्यातला दिसत होता. काखेत कोरी करकरीत छत्री. काय बिघडलंय विचारलं तर म्हणाला, बघा तुम्हीच. संपतनं पाहिली, सात वेळा उघडली. काही बिघडलेलं नव्हतं. तसं सांगितलं. माणूस दुकानाच्या पायरीवर टेकला, संपतच्या हातांकडे पाहत राहिला. तोंडाकडे नाही, हातांकडे. मग मागितले नसताना पैसे ठेवले आणि उठून गेला. छत्री उघडून बघा म्हटलं तर त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढल्या वर्षी पुन्हा, पितृपक्ष उलटल्यावर. छत्री तीच, न वापरलेली. पुन्हा तेच पायरीवर बसणं. तिसऱ्या वर्षी संपतनं गाव विचारलं, तो धायरी म्हणाला. धायरी म्हणजे तेव्हा सिंहगड रस्त्याला शेतातलं गाव. तिथून एवढ्या लांब चांगली छत्री दाखवायला कोण येतो? संपतच्या मनानं घेतलं, की हा भैरूचा कुणीतरी आहे. वर्षाचं श्राद्ध झालं की हा येतो, आपले हात बघून जातो. एखाद्या वर्षी छत्रीऐवजी काखेत दुसरं काही असेल. श्रावण संपला की संपतचं जेवण कमी व्हायचं. पितृपक्षात तो दुकान उघडायचा, पण पाठ भिंतीला लावून बसायचा. मंदाकिनी म्हणायची, चार दिवस बंद ठेवा. तो म्हणायचा, येणाऱ्याला येऊ दे.

अशी एकवीस वर्षं गेली. पलटण पुढं पंजाबात गेली, लंकेत गेली, तिथंही तिची माणसं पडली. एकाहत्तरची पोरं हवालदार झाली, सुभेदार झाली, निवृत्त होऊन गावोगावी सोसायटीचे चेअरमन नाहीतर बँकांचे वॉचमन झाली. धायरीत शेतांच्या जागी इमारती उठल्या. त्या माणसाच्या अंगावर धोतराच्या जागी पायजमा आला, टोपीखालचे केस पांढरे झाले. छत्री मात्र तीच, कोरी. संपतचे हात आताशा थोडे थरथरायचे, आणि ते थरथरताना त्या माणसाला दिसू नयेत म्हणून तो ते गुडघ्यांखाली दाबायचा.

शहाण्णव साली लढाईला पंचवीस वर्षं झाली. पलटणीनं आपला इतिहास छापून काढला, जाडजूड, गुळगुळीत कागदाचा, आणि जुन्या सैनिकांना, वीरपत्नींना घरपोच पाठवला. संपतला कुणी पाठवला नाही. त्याच डिसेंबरात हेमा बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगी झाली होती आणि घरात पुन्हा पाळण्याची गोष्ट निघाली होती. संपतनं आपण होऊन जयसिंगांना निरोप दिला होता. जयसिंग आता सत्तरीचे, पण येतो म्हणाले.

बारशाला तीन दिवस होते आणि तो माणूस आला. पितृपक्षानंतरची खेप होऊन गेली होती. एका वर्षात तो दुसऱ्यांदा येत होता, आणि या वेळी त्याच्या काखेत छत्री नव्हती. संपतनं ते आधी पाहिलं. दोन्ही हात मोकळे. भर दुपार, समोरून लोक चाललेले, शेजारी टेपरेकॉर्डर बोंबलतोय, आणि संपतनं मात्र पाठ भिंतीला लावली.

माणूस पायरीवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, की माझं नाव गेनबा पोकळे. भैरू दारवटकर माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. तिचं नाव मथुराबाई. ते गेल्यापासून ती माझ्याच घरी असते. पलटणीचं पुस्तक आलंय. शाळेतल्या बाईंनी तिला वाचून दाखवलं. त्यात पॅकरचं नाव छापलंय, पुण्याचा म्हणून लिहिलंय. पंचवीस वर्षं तिला नाव माहीत नव्हतं, आता कळलंय. उद्या ती इथं येणार आहे. तुम्ही आठ दिवस दुकान बंद ठेवा, गावाला जा, कुठंही जा.

आता माणूस किती भ्यावा यालाही काही मर्यादा असते. एकवीस वर्षं ज्या गोष्टीला घाबरला, ती समोर उभी राहिल्यावर संपतला उलट संताप आला. तो म्हणाला, की बाईनं यावं. तिचा माणूस गेला, तिला माझं तोंड बघायचा हक्क आहे. तुम्ही एवढी वर्षं गुपचूप बघून जाता, मग ती का नको?

गेनबा खाली बसला. अगदी जमिनीवर, गिऱ्हाइकांच्या चपला ठेवतात तिथं.

“ती आल्यावर तुमी काय सांगाल ते मला म्हाईत न्हाई,” तो म्हणाला. “पर छत्रीचा दोष नव्हता. नऊ नंबर मी व्हतो.”

मग त्यानं सांगितलं ते असं. भैरूनंच त्याला पलटणीत भरती केलं होतं. बहिणीचा नवरा, वयानं मोठा, हुद्द्यानं मोठा, घरी गेला तर पहिला पाट त्याचा. विमानात भैरू आठवा, गेनबा त्याच्या पाठीमागं नववा. उडीच्या आधी शेवटची तपासणी असते. प्रत्येकानं आपल्या पुढच्याची पाठ बघायची, त्याचा पट्टा, त्याचं तारेला अडकवलेलं हूक हातानं ओढून बघायचं आणि मग आपला नंबर ओरडायचा. मागून पुढं अशी ती गिनती येते. बारा ओके, अकरा ओके, दहा ओके. सरावाच्या पहिल्या उडीला गेनबानं दाजींचं हूक ओढून पाहिलं, तेव्हा भैरू सगळ्यांदेखत म्हणाला होता, की तू मला बघतोस का रे, कालचं पोर. माणसं हसली होती. त्यानंतर गेनबानं दाजींच्या हुकाला कधी हात लावला नाही. नुसता नंबर ओरडायचा. त्या दिवशी बंगालावर विमान हेलकावे खात होतं. भैरूचा पट्टा कुणाच्या तरी बंदुकीत अडकला, म्हणून त्यानं तो सोडवायला हूक तारेवरून काढलं. गेनबानं ते पाहिलं. हूक दाजींच्या मुठीत होतं. पुढं काय झालं ते त्यानं पाहिलं नाही, कारण तयारीचा लाल दिवा लागला आणि मागून दहा ओके आलं. दाजींनी अडकवलं असेलच. दाजींना कसं विचारायचं? त्यानं ओरडून सांगितलं, नऊ ओके. मग दिवा हिरवा झाला, उडीचा.

गेनबा दरवर्षी सर्वपित्रीला बहिणीनं घातलेल्या श्राद्धाच्या पानावर बसायचा. पान वाढून झालं की मथुराबाई हात जोडायची आणि म्हणायची, की ज्यानं ती छत्री भरली त्याच्या हाताला कीड लागो. गेनबा ते ऐकायचा, घास गिळायचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुण्याला येऊन संपतचे हात बघून जायचा. कीड लागली का ते बघायला. लागलेली नसली की त्याला बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून परतताना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं. सांगायचं म्हणूनच यायचा, पण पायरीवर बसलं की जीभ उचलायची नाही. एवढं सगळं सांगून त्यानं हात जोडले. बहिणीला हे कळलं तर तिला माझ्या घरात घास गोड लागणार नाही, म्हणाला. तिला दुसरं घर नाही. तुमचं नाव तर काय, जायचं ते गेलंच आहे.

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं हो. पण माणूस स्वतःला वाचवायला लागला की दुसऱ्याचं काय जातंय हे त्याला दिसत नाही.

संपतला ओरडायचं होतं, त्या माणसाची मान धरायची होती आणि त्याच वेळी त्याला रडू येत होतं. सात पिशव्या. सातही मोजल्या होत्या. पंचवीस वर्षं टेबलावर सहाच दिसत होत्या, आणि आता बघितलं तर सातवी होती, तिथंच होती, पहिल्यापासून. त्यानं गेनबाला एवढंच सांगितलं, की मी उद्या दुकान उघडणार आहे. मी खोटं बोलणार नाही आणि तुमचं खरंही मी बोलणार नाही. ते तुमचं आहे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रिक्षातून मथुराबाई उतरली. हिरवट नऊवारी, कपाळ मोकळं, हातात पुस्तकाच्या पानाची घडी. वय साठीच्या आसपास, पण चाल ताठ. मागं गेनबा, भाकरी करपावी तसा काळवंडलेला. शेजारच्या दुकानदारांना वाटलं काहीतरी भांडण आहे, त्यांनी आवाज बारीक केला. म्हाताऱ्या बाईनं जिन्याखाली वाकून पाहिलं.

“बगाडे तुमीच?”

संपत म्हणाला, “हो. ती छत्री मीच भरली होती.”

तिनं त्याचे हात मागितले. म्हणजे तोंडानं नाही, नुसता आपला हात पुढं केला. संपतनं गुडघ्यांखालून हात काढले आणि तिच्यापुढं धरले. थरथरत होते ते, लपवले नाहीत. तिनं ते उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. सुया टोचून टोचून बोटांची टोकं दगडासारखी झालेली. तिनं विचारलं, की त्या दिवशी काय झालं, कुठं चुकलं, ते मला सांगा. शिव्या द्यायला आले नाही. शिव्या पंचवीस वर्षं दिल्या. मला फक्त काय झालं ते कळू द्या.

बघा, काय योगायोग म्हणायचा. दोघांनाही पंचवीस वर्षं एकच गोष्ट हवी होती, आणि दोघांनी एकमेकांकडे मागायची तर ती तिसऱ्याच्या तोंडात.

“माझ्या टेबलावर सात पिशव्या होत्या,” संपत सावकाश म्हणाला. “मी सातही मोजून काढल्या. घडी नीट होती. माझ्या हातातून ती चांगली गेली. त्याच्या पुढचं विमानातलं. विमानात मी नव्हतो.”

गेनबाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पण न पाहण्यालाही एक दिशा असते, आणि मथुराबाई काही दुधखुळी नव्हती. पलटणीच्या बायकांना पलटणीतलं सगळं माहीत असतं. कोण कुणाच्या मागं बसतं, गिनती कशी होते, नवरे सुट्टीवर आले की हेच सांगत बसतात. तिनं वळून भावाकडे पाहिलं.

“गेनू,” ती म्हणाली, “आमच्या ह्यांच्या मागं तर तू व्हतास.”

गेनबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“दाजींस्नी कसं म्हणू आक्का, हूक दावा म्हणून?”

झालं. एवढंच. पंचवीस वर्षं आणि एक वाक्य.

मथुराबाई दुकानाच्या कडेला धरून उभी राहिली. संपतनं लोटीतलं पाणी पुढं केलं, ते तिनं घेतलं, अर्धं प्यायली. मग हातातली पानाची घडी उघडली, त्यावरच्या संपतच्या नावावरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं तिला, पण शाळेतल्या बाईंनी ओळ दाखवून ठेवली होती. ते पान तिनं संपतपुढं ठेवलं. “ह्ये तुमचं तुमी ठेवा,” म्हणाली. “मी तुमाला लई वाईट बोलले.” संपत काहीतरी म्हणायला गेला, पण तिनं हातानंच थांबवलं.

रिक्षा उभीच होती. ती जाऊन बसली. गेनबा मागोमाग निघाला, तर तिनं त्याच्याकडे न बघता रिक्षावाल्याला चल म्हणून सांगितलं. गेनबा रस्त्यात उभा राहिला. मागून एक हातगाडीवाला त्याला बाजूला हो म्हणत होता, ते त्याला ऐकू आलं नाही. रिक्षा कुठं गेली असेल? धायरीलाच, त्याच्याच घरी. बाईला दुसरं घर नव्हतं. तिथंच जाऊन तिला त्याच्या चुलीवरचं जेवायचं होतं, पुढल्या भाद्रपदात त्याच्यापुढंच पान वाढायचं होतं, आणि पान वाढून झाल्यावर हात जोडून आता काय म्हणायचं हे ठरवायचं होतं. संपतला तिची फार दया आली. गेनबाची आली का, हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं. तास-दीड तास तो माणूस समोरच्या फुटपाथवर उभा होता. मग कधी गेला कळलं नाही. पुन्हा तो कधीच आला नाही.

बारशाच्या दिवशी जयसिंग धापा टाकत जिना उतरून आले, तर पाळण्याचा दोर संपतच्या हातात. तो म्हणाला, की तुम्ही बसा, आज मी बांधतो. मंदाकिनी स्वयंपाकघराच्या दारात उलथनं हातात धरून उभीच राहिली. हेमाही बघत राहिली. बापाला दोराशी झटताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. संपतनं तुळईवरून दोर टाकला, चार वेढे दिले, गाठ मारली, तिच्यावर दुसरी गाठ मारली, ओढून पाहिली. हात थरथरत होते, पण गाठीला काही त्याचं नव्हतं. सात वेळा त्यानं रिकामा पाळणा हलवून पाहिला. मग डोळे पुसून मंदाकिनीला हाक मारली, म्हणाला, जरा बघ गं, नीट बसलाय का.

ती पुन्हा कढईकडे वळली होती. आतूनच, प्रेमानं, अगदी मनापासून म्हणाली, “ठीक असणार हो. तुम्ही बांधलाय म्हणजे काय बघायचं?”

हेमा बाळाला घेऊन पाळण्याकडे येतच होती. संपतनं पटकन आडवा हात केला आणि तिला थांबवलं.

“नाही,” तो म्हणाला. “असं म्हणायचं नाही. इकडे ये आणि हात लावून बघ.”

मंदाकिनीनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि ती आली. तिनं एकेक गाठ हातानं ओढून पाहिली, दोन्हीही. तोवर बाळ आईच्या हातातच होतं.